हॅमिल्टन बंदरातील गाळ : चुंबकाची साक्ष आणि आपल्यासाठी धडा

कॅनडाचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ, उंच वृक्षांची राने आणि निळीशार सरोवरे उभी राहतात. मॉरिशसहून तिकडे शिकायला किंवा स्थायिक व्हायला गेलेली आपली मुले घरी जी छायाचित्रे पाठवतात, तीही बहुधा अशीच असतात. पण त्याच देशात असे एक बंदर आहे की ज्याच्या तळाचा गाळ बंदिस्त करण्यासाठी सरकारला पाण्यात पोलादाची दुहेरी भिंत उभारावी लागली. त्या बंदराचे नाव हॅमिल्टन. तेथील गाळात विष कोठे आहे हे शोधण्याच्या कामी शास्त्रज्ञांनी चुंबकाचा उपयोग कसा केला आणि त्यातून आपण बेटवासीयांनी काय शिकावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

हॅमिल्टन हे ऑन्टॅरिओ सरोवराच्या पश्चिम टोकावरचे शहर आहे. वाळूच्या एका लांब पट्ट्याने तेथील उपसागर मुख्य सरोवरापासून जवळजवळ तोडलेला आहे. जहाजांची ये-जा होते ती या पट्ट्यातून काढलेल्या एका कालव्यातून. अशा निवाऱ्याच्या पाण्यात जहाजे सुरक्षित राहतात. पण तेथे जे पडते ते सहसा बाहेरही जात नाही. याच किनाऱ्यावर १९१० साली स्टेल्को आणि १९१२ साली डोफॅस्को या पोलादाच्या कंपन्या स्थापन झाल्या. हॅमिल्टन कॅनडाचे पोलाद-नगर म्हणून प्रसिद्ध झाले. हजारो कुटुंबांची चूल त्या गिरण्यांवर पेटली, हे विसरून चालणार नाही. परंतु कारखान्यांचे आणि शहराचे सांडपाणी, कोळशाची राख, कोक भट्ट्यांचे डांबर आणि रस्त्यांवरची घाण हे सारे दीडशे वर्षे त्याच उपसागरात जमा होत गेले.

कॅनडा आणि अमेरिका यांनी १९७२ साली महासरोवरांच्या पाण्याच्या शुद्धतेविषयी करार केला. पुढे १९८७ साली त्यात सुधारणा झाली. त्या सुमारास महासरोवरांच्या परिसरातील ४३ ठिकाणे विशेष चिंतेची म्हणून निवडण्यात आली. त्यांत हॅमिल्टनचे बंदर होते. बंदर घाण आहे हे डोळ्यांना दिसतच होते. खरा प्रश्न निराळा होता. सुमारे २१ चौरस किलोमीटर पाण्याखालच्या गाळात विष नेमके कोठे, किती खोल आणि किती पसरलेले आहे, हे कसे ठरवायचे?

गाळात चुंबक काय शोधतो

लहानपणी आपण सर्वांनीच लोहचुंबक वाळूत फिरवला असेल. त्याला काळे बारीक कण केसांसारखे चिकटून उभे राहतात. ते बहुधा मॅग्नेटाइट या लोह-खनिजाचे कण असतात. निसर्गात हे खनिज खडकांतून येते. पण माणूसही ते नकळत तयार करीत असतो. दगडी कोळशात लोह आणि गंधक यांचे एक संयुग असते. कोळसा भट्टीत जळतो तेव्हा त्या लोहाचे रूप बदलते आणि राखेबरोबर मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म गोल कण बाहेर पडतात. पोलादाच्या भट्टीतून उडणारी धूळ तर लोहाने भरलेलीच असते. मोटारींच्या ब्रेकच्या झिजेतून आणि गंजलेल्या पत्र्यांतूनही असे कण सुटतात. वारा आणि पाऊस त्यांना गटारात, ओढ्यात, नदीत आणि शेवटी गाळात नेऊन टाकतात.

हे कण स्वतः फारसे विषारी नसतात. पण ज्या धुराड्यातून ते निघतात त्याच धुराड्यातून जस्त, शिसे, तांबे हे धातूही निघतात आणि डांबराचे तेलकट अंशही निघतात. एकाच भट्टीत जन्मलेली ही मंडळी पुढे एकाच गाळात मुक्कामाला येतात. म्हणून चुंबकी कण जेथे जास्त, तेथे विषही जास्त असण्याचा संभव असतो. चोराच्या पावलांवरून चोराचा माग काढावा तशातला हा प्रकार आहे.

रासायनिक तपासणीसाठी गाळाचा प्रत्येक नमुना प्रयोगशाळेत पाठवून आम्लात विरघळवावा लागतो. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. उलट, गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो हे मोजणारे यंत्र छोट्या डबीतल्या नमुन्याचा आकडा काही सेकंदांत देते आणि नमुना जसाच्या तसा शिल्लक राहतो. त्यामुळे दहा ठिकाणांऐवजी शेकडो ठिकाणे तपासता येतात. सरोवरांच्या गाळाचे असे चुंबकी वाचन करण्याची विद्या १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये वाढीस लागली. रॉय टॉम्प्सन आणि फ्रँक ओल्डफील्ड यांनी १९८६ साली पर्यावरणीय चुंबकत्वावर ग्रंथ लिहिला, तेव्हा ती एक स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता पावली.

उपसागरावरची पाहणी

हॅमिल्टन येथेच मॅकमास्टर विद्यापीठ आहे, आणि पाण्यावर संशोधन करणारी कॅनडाची राष्ट्रीय संस्था उपसागरापलीकडे बर्लिंग्टन येथे आहे. या दोन्हींचा संयोग उपयोगी पडला. व्हर्स्टीग, मॉरिस आणि रुकाविना या तिघांनी १९९५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बंदराच्या गाळाचे चुंबकी गुण आणि त्यातील दूषित द्रव्ये यांचा मेळ बसतो काय, हा त्यांचा प्रश्न होता. मेळ बसतो, आणि चुंबकी आकड्यांवरून प्रदूषणाचा नकाशा काढता येतो, असे त्यांना आढळले.

पुढची पायरी अधिक धाडसाची होती. गाळ वर न काढताच, नावेमागे चुंबकमापक ओढत नेऊन साऱ्या उपसागराची पाहणी करता येईल काय? पोझा, बॉइस आणि मॉरिस यांनी ते करून दाखविले व २००४ साली त्याचा वृत्तांत छापला. काम वाटते तितके सोपे नव्हते. किनाऱ्यावर पोलादाच्या गिरण्या, पाण्यात लोखंडी जहाजे, धक्क्यांच्या लोखंडी भिंती, तळाशी टाकून दिलेले भंगार! या सर्वांचे चुंबकत्व मोजणीत मिसळते. त्याखाली पुन्हा खडकांचे चुंबकत्व असतेच. हे सारे गणिताने वजा केल्यावर जे उरले त्यावरून दूषित गाळाचे पट्टे ओळखू आले. नळ्या खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या स्तंभांनीही त्याला दुजोरा दिला. गोऱ्या लोकांची वस्ती होण्यापूर्वीचा खालचा थर आणि कारखान्यांच्या काळातला वरचा थर यांच्या चुंबकी प्रतिसादात दहापटीच्या घरातला फरक निघाला.

गाळ म्हणजे एक प्रकारची वहीच आहे. दर वर्षी तिच्यात एक पान वाढते, आणि खालची पाने सर्वांत जुनी. कारखाने आले, कोळसा वाढला, लोकवस्ती वाढली, याची नोंद त्या पानांवर आपोआप होत राहिली. कारखान्याचे दप्तर हरवू शकते. ही वही सहसा हरवत नाही.

या साक्षीची मर्यादा

मात्र साक्षीदार चांगला असला तरी तो सर्वज्ञ नसतो. चुंबकी मोजणी ही तापमापकासारखी आहे. अंगात ताप आहे हे ती सांगते. रोग कोणता हे सांगण्यासाठी डॉक्टरच लागतो. चुंबकाने दाखविलेल्या जागी शेवटी रासायनिक तपासणी करावीच लागते. फायदा इतकाच, आणि तो थोडा नव्हे, की तपासणीचा पैसा योग्य जागी खर्च होतो.

दुसरे असे की प्रत्येक विषाबरोबर चुंबकी कण येत नाहीत. मैला, शेतातली कीटकनाशके, सांडलेले तेल यांचा माग चुंबकाला लागेलच असे नाही. तिसरे, ज्या चिखलात प्राणवायू संपून कुजट वास सुटतो तेथे मॅग्नेटाइटचे कण हळूहळू विरघळून जातात. अशा ठिकाणी आकडा कमी आला म्हणजे गाळ स्वच्छ, असे मानणे धोक्याचे ठरते.

हॅमिल्टननेच याचे कटू उदाहरण पुरविले आहे. जानेवारी २०१४ पासून जुलै २०१८ पर्यंत तेथील नगरपालिकेच्या सांडपाण्याच्या टाकीचे एक दार किंचित उघडे राहिले. साडेचार वर्षांत सुमारे २,४०० कोटी लिटर मैलामिश्रित पाणी चेडोक नावाच्या ओढ्यातून उपसागराच्या पश्चिमेकडील पाणथळीत गेले. एवढ्या प्रगत देशात, एवढी यंत्रे हाताशी असताना, साडेचार वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही! त्याहून गंभीर गोष्ट पुढची. गळती उघडकीस आल्यावर तिचा खरा आकडा नगरपालिकेने लोकांपासून गुप्त ठेवला. नोव्हेंबर २०१९ मध्ये हॅमिल्टन स्पेक्टेटर या स्थानिक वृत्तपत्राने तो छापला तेव्हा कोठे नागरिकांना समजले. यंत्र असणे, त्याकडे नियमितपणे पाहणे आणि जे दिसले ते लोकांना सांगणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पैशाने मिळते. उरलेल्या दोघींसाठी शिस्त आणि प्रामाणिकपणा लागतो.

शंभर वर्षांचे बिल

आता खर्चाकडे पाहू. बंदराच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, पोलाद गिरणीला लागून, रँडल रीफ नावाची जागा आहे. महासरोवरांच्या कॅनडाकडील बाजूस याहून मोठा दूषित गाळाचा साठा नाही. सुमारे ६० हेक्टर क्षेत्रात ६,९५,००० घनमीटर गाळ कोळशाच्या डांबरातील द्रव्यांनी आणि जड धातूंनी दूषित झालेला होता. हा गाळ उचलून न्यायचा तरी कोठे? वर्षानुवर्षे चर्चा झाली. शेवटी असे ठरले की सर्वांत वाईट गाळाभोवती पाण्यातच पोलादाची दुहेरी भिंत घालून ६.२ हेक्टरची पेटी बनवायची, आजूबाजूचा गाळ उपसून त्या पेटीत भरायचा आणि वरून झाकण घालून ती जागा बंदराच्या कामासाठी वापरायची. प्रत्यक्ष बांधकाम २०१५ साली सुरू झाले. पुढे २०१८ पासून गाळ उपसून पेटीत भरण्यात आला आणि त्यानंतर झाकण घालण्याचा टप्पा हाती घेण्यात आला.

या योजनेचा खर्च १३ कोटी ८९ लाख कॅनेडियन डॉलर धरण्यात आला. एक तृतीयांश वाटा केंद्र सरकारचा, एक तृतीयांश ऑन्टॅरिओ प्रांताचा. उरलेला तिसरा वाटा हॅमिल्टन व बर्लिंग्टन ही शहरे, हॉल्टन विभाग, बंदराचे प्रशासन आणि पोलाद कंपनी यांनी मिळून उचलावयाचा होता. म्हणजे मुख्य भार करदात्यांवरच पडला. दोष एकट्या कंपनीचा होता असे म्हणता येणार नाही. डांबर, तेल, राख आणि सांडपाणी अनेक ठिकाणांहून आले होते आणि त्यांतले कित्येक व्यवसाय केव्हाच बंद पडले होते. स्टेल्कोचीच कथा पाहा. ती २००७ साली अमेरिकन कंपनीच्या हाती गेली. तिच्या हॅमिल्टन येथील गिरणीत लोखंड गाळण्याचे काम कायमचे थांबविण्याचा निर्णय २०१३ साली जाहीर झाला. नंतर २०१७ साली स्टेल्को पुन्हा स्वतंत्र झाली. शेजारची डोफॅस्को २००६ साली आर्सेलर कंपनीने घेतली आणि त्याच वर्षी त्या कंपनीचा लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीशी संयोग झाला. मालक बदलले, भट्टी विझली, पण गाळ होता तेथेच राहिला. ज्यांनी नफा घेतला ते निघून गेल्यावर बिल शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात येते, हा या साऱ्या प्रकरणाचा अर्थ आहे.

आपल्या बेटाचा खडक

कोणी म्हणेल, आपल्याकडे पोलादाच्या भट्ट्या नाहीत, मग या गोष्टी आपल्याला कशाला? पण आपल्याकडेही बंदर आहे, वाहनांची गर्दी आहे, कारखाने आहेत. साखर कारखान्यांना जोडलेली वीजकेंद्रे हंगामात उसाच्या चिपाडावर आणि एरवी दगडी कोळशावर चालत आली आहेत. आणि कोळशाच्या राखेत काय असते ते वर सांगितलेच आहे. आपल्या नद्या आखूड आणि उताराच्या. प्लेन विल्हेम्सच्या दाट वस्तीत पडलेला पाऊस वायव्येकडील ग्रँड रिव्हरने पाहता पाहता समुद्राला मिळतो. जे रस्त्यावर पडले ते उद्या लगूनमध्ये जाते. मासा, प्रवाळ आणि कोळ्याची रोजी ही सारी त्या लगूनमध्ये आहेत.

चुंबकी मोजमाप आपल्या लोकांना अगदीच परके आहे असेही नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडू नये म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू करण्यात आली. तेव्हा माणसाच्या लोखंडाची आणि विजेची ढवळाढवळ ही शास्त्रज्ञांना अडचण वाटे. हॅमिल्टनला शास्त्रज्ञ मुद्दाम तीच ढवळाढवळ शोधायला निघाले. आपल्या बेटावरही पाम्प्लेमूस येथे रॉयल आल्फ्रेड वेधशाळा होती. तिची कोनशिला १८७० साली बसविण्यात आली आणि हवामानाबरोबर चुंबकत्वाच्या नोंदीही तेथे होत.

तरीही हॅमिल्टनची पद्धत जशीच्या तशी उचलून येथे चालणार नाही. हॅमिल्टनच्या भोवतालचा खडक मुख्यतः चुनखडीच्या जातीचा आणि चिकणमातीपासून बनलेला आहे. त्याचे स्वतःचे चुंबकत्व क्षीण असते, म्हणून त्यावर कारखान्याचे कण उठून दिसतात. आपले बेट आहे ज्वालामुखीच्या काळ्या बेसॉल्टचे, आणि त्या दगडात मॅग्नेटाइटच्या जातीचे कण मुळातच भरपूर असतात. येथे डोंगरातल्या निर्मळ ओढ्याची वाळूसुद्धा चुंबकाला चिकटेल. हॅमिल्टनचा आकडा येथे लावला तर स्वच्छ नदी दूषित ठरेल, किंवा त्याच गोंधळात खरोखर दूषित नदी सुटून जाईल.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. आपले पूर्वज ज्या कोकणातून आणि सह्याद्रीच्या पायथ्यातून आले तेथील काळा कातळही बेसॉल्टच. भूशास्त्रज्ञांच्या मते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर ज्या उष्ण केंद्रातून लाव्हा वाहिला, त्याच केंद्राने पुढे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आणले. ते केंद्र आज शेजारच्या रेयुनियन बेटाखाली आहे. म्हणजे रत्नागिरीचा दगड आणि आपल्या दारातला दगड एकाच चुलीवरचे. त्यामुळे वासिष्ठी किंवा सावित्री नदीच्या गाळात जी अडचण येईल तीच आपल्या नद्यांतही येईल. आणि तिकडे जो उपाय सापडेल तो आपल्यालाही उपयोगी पडेल. भारताची भूचुंबकत्व संस्था १९७१ साली स्थापन झाली आणि ती आज नवी मुंबईत पनवेलजवळ आहे. तिच्याशी आपल्या विद्यापीठाने या कामी सहकार्य केले तर ते नाते केवळ भाषणापुरते राहणार नाही.

आधी मोजा

उपाय कठीण नाही. प्रत्येक नदीचा गाळ तिच्या उगमाजवळ, मधल्या वस्तीत आणि मुखाशी मोजावा. एकाच नदीची तुलना तिच्याच वरच्या, निर्मळ भागाशी करावी. खोल थराची तुलना वरच्या थराशी करावी. बेसॉल्टचे कण आणि भट्टीतले गोल कण सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येतात, त्याचाही आधार घ्यावा. अशा रीतीने आपल्या नद्यांची आजची स्थिती एकदा कागदावर आली की उद्याचा बदल सिद्ध करता येतो.

वाकाशिओ जहाजाची घटना आपण विसरलेलो नाही. जुलै २०२० मध्ये ते प्वांत देस्नीजवळ खडकावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्याचे तेल लगूनमध्ये पसरले. आपल्या लोकांनी उसाच्या पाचटाचे तराफे करून ते अडविण्याचा प्रयत्न केला. तेल चुंबकाला दिसत नाही, हे खरे. पण त्या वेळी जो प्रश्न पुढे आला तो येथेही लागू आहे. नुकसान किती झाले हे सांगायचे तर आधी काय होते हे ठाऊक असावे लागते. ज्याच्याकडे आधीची नोंद नाही त्याचा दावा लंगडा पडतो, मग समोर जहाजाचा मालक असो, कारखाना असो की खुद्द सरकार असो.

हॅमिल्टनने आधी शंभर वर्षे गाळ साठविला, नंतर मोजला आणि मग कोट्यवधी डॉलर मोजून तो कोंडला. श्रीमंत देशाला हे परवडले. आपले बेट लहान आहे. आपल्याजवळ भिंत बांधून विष कोंडण्याइतका पैसाही नाही आणि तेवढी मोकळी जागाही नाही. पण लहान असण्यात एक सोय आहे. येथल्या साऱ्या नद्या मोजून संपविता येतात. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी, त्यांच्या शिक्षकांनी आणि किनाऱ्यावरच्या गावांतील संस्थांनी हे काम मनावर घेतले, आणि जे आकडे येतील ते दडवून न ठेवता सर्वांपुढे मांडले, तर पुढच्या पिढीला आपल्या चुकांचे बिल भरावे लागणार नाही.